कर्ज कोणाचे, फेड कोणाची?



दसरा उलटला की बीड, जालना, औरंगाबाद ह्या जिल्ह्यांतील खेड्यांतून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या आपण दरसाल पाहता. त्यांत आपली माणसेही पुष्कळ असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. पाच-सहा महिने फडात राबून झाल्यावर हिशेब होतो. त्यात खाडे कापले जातात आणि बहुधा उचल फिटलेली नसते. बाकी पुढच्या सालावर लिहिली जाते. वही मुकादमापाशी असते. ज्याच्या नावावर बाकी निघते त्याला ती वही वाचता येत नाही, अथवा वाचावयास मिळत नाही.

ह्या व्यवहारात एक प्रश्न कोणी विचारीत नाही, तो आम्ही विचारतो. ती उचल पुरती फिटावी असे मुकादमाला खरोखर वाटते काय? ती फिटली तर पुढच्या साली तो मजूर दुसऱ्याच्या फडावर जाईल, मजुरीचा दर सांगेल, नकोसे वाटले तर घरी बसेल. तेव्हा उचल देणाऱ्याला पैसा परत मिळण्यापेक्षा माणूस आपल्या हाताखाली राहणे अधिक मोलाचे असते. कर्ज हे त्या माणसाला बांधून ठेवण्याचे दावे होय.

बलाढ्य राष्ट्रे दुबळ्या देशांना नेमके ह्याच दाव्याने बांधतात, आणि जेथे दावे पुरत नाही तेथे पडद्याआडून कारस्थान करून आपले काम साधतात, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे. कोणी म्हणेल की, आमच्या घरी संध्याकाळच्या चुलीची चिंता असताना जगाच्या सावकारीचे पुराण आम्हांस कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की, ही गोष्ट परक्या मुलखातली नाही. ती आपल्या ह्या भूमीत घडलेली आहे, आणि तिची किंमत आपल्या आज्या-पणज्यांनी मोजलेली आहे.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील क्रांती चौकात काळा चबुतरा आहे. १८५७ च्या जून महिन्यात येथील छावणीतील घोडदळाने आपल्या इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला, उठाव मोडला गेला आणि पकडलेल्या शिपायांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. त्यांची आठवण म्हणून त्या चबुतऱ्याकडे लोक बोट दाखवितात. परंतु ते शिपाई कोणाच्या फौजेतले होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ती फौज हैदराबाद काँटिंजंट ह्या नावाने ओळखली जाई. पगार निजामाच्या खजिन्यावर, अधिकारी इंग्रज आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटचा, अशी तिची रचना होती. ह्याच फौजेच्या पगारापायी निजामाच्या हातून वऱ्हाड गेले. ते कसे गेले हे वकिलाने एखाद्या दाव्याची कागदपत्रे तपासावीत त्याप्रमाणे आपण क्रमाने पाहू.

पहिला कागद १८०० सालच्या तहाचा. त्यापूर्वी १७९८ मध्ये निजामाने कंपनीची तैनाती फौज आपल्या राज्यात ठेवून घेतली होती. १८०० च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी त्याने टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धांत मिळालेला बल्लारी-कडप्पाकडील मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला. म्हणजे संरक्षणाचा मोबदला एकदा जमिनीच्या रूपाने चुकता झाला. त्याच तहाच्या बाराव्या कलमात असे ठरले होते की, युद्धप्रसंगी निजामाने आपले ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे. युद्धप्रसंगी, हे शब्द ध्यानात ठेवा. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसावी असे त्या तहात कोठेही लिहिलेले नव्हते.

असे असूनही ती फौज उभी राहिली. हेन्री रसेल हा १८११ ते १८२० पर्यंत हैदराबादला रेसिडेंट होता. त्याच्या अमदानीत ती वाढली आणि प्रारंभी तिला रसेल ब्रिगेड असेच म्हणत. निजामाच्या दरबाराने हे का सहन केले, ह्याचे उत्तर दरबारातच सापडते. १८०८ मध्ये मीर आलम वारल्यावर दिवाणपदाचे नाव मुनीर-उल-मुल्कला मिळाले, पण खरी सत्ता पेशकार चंदुलाल ह्याच्या हाती गेली आणि चंदुलालच्या पाठीशी रेसिडेन्सी उभी होती. ज्याचे पद परक्याच्या मर्जीवर टिकून आहे तो परक्याच्या खर्चाच्या यादीवर सही करावयास नकार देईल हे संभवतच नाही. राज्य बळकावण्याकरिता किल्ल्याला सुरुंग लावावा लागत नाही. खजिन्यावर आपला माणूस बसला म्हणजे पुरे होते.

खर्च वाढला, वसूल पुरेना, तेव्हा सावकार लागला. तोही हाताशी होता. विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी १८१४ मध्ये हैदराबादेत सुरू झाली होती. इंग्रज प्रजाजनांनी देशी राजांना कर्जे देऊ नयेत असा विलायतेतील पार्लमेंटचा कायदा होता. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज ह्याने १८१६ मध्ये ह्या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड ह्याचे लग्न हेस्टिंग्जने आपल्या मुलीप्रमाणे वाढविलेल्या स्त्रीशी झालेले होते. पेढीच्या व्याजाचा दर शेकडा २५ पर्यंत असे. पैसा कशासाठी लागे? मुख्यतः त्या लादलेल्या फौजेचा पगार भागविण्यासाठी. म्हणजे खर्च लावणारा इंग्रज, त्यासाठी कर्ज देणारा इंग्रज आणि कर्जाला परवानगी देणाराही इंग्रज!

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, ह्या व्यवहाराला आळा घातला तोही एका इंग्रजानेच. चार्ल्स मेटकाफ १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने ह्या पेढीचा कारभार उघडकीस आणला. पण निकाल कसा लागला? उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये पेशकश देत असे. १८२३ मध्ये सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी धरून ती पेशकश कायमची बंद करण्यात आली आणि ती रक्कम पेढीचे देणे भागविण्याकडे गेली. पुढे पेढी बुडाली, पण निजामाचे हक्काचे उत्पन्नही तिच्याबरोबर गेले. आणि मूळ रोग जी काँटिंजंट फौज, ती जागच्या जागीच राहिली.

तीस वर्षांनी लॉर्ड डलहौसी ह्याच्या काळात हिशेबाची शेवटची पाने उलटली गेली. कंपनीच्या खजिन्यातून फौजेचा पगार दिला जाई आणि तो निजामाच्या नावे कर्ज म्हणून, व्याजासह, लिहिला जाई. १८५३ मध्ये कंपनीने ४० लाखांहून अधिक बाकी दाखविली. येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की, शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर येते असे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही, हे खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात कबूल केले होते. दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांतील अबकारीचे उत्पन्न कंपनी वर्षानुवर्षे घेत आली होती. ते निजामाचे होते असा त्याचा दावा होता, पण त्याची वजावट कर्जातून कधी देण्यात आली नाही. जालन्याच्या छावणीत विकल्या गेलेल्या दारूचा कर जमेच्या बाजूस लिहिला असता तर बाकी कितपत उरली असती? ह्याचे उत्तर कर्नल डेव्हिडसन ह्या इंग्रज रेसिडेंटनेच पुढे १८६० मध्ये दिले. दोन्ही बाजूंचे देणे-घेणे निःपक्षपाताने पाहिले असते तर १८५३ मध्ये निजामाकडून आपले न्याय्य येणे जवळजवळ काहीच नव्हते, असा अभिप्राय त्याने सरकारला लिहून कळविला.

हाच डेव्हिडसन १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो ह्याचा साहाय्यक होता. निजाम नासिर-उद्-दौला मुलूख देण्यास तयार नव्हता. माझ्या हयातीत माझे राज्य तुटू नये असे तो परोपरीने विनवीत होता. तेव्हा मे महिन्यात डेव्हिडसनने दिवाण सिराज-उल-मुल्क ह्याला एक खाजगी चिठ्ठी पाठविली. बोलणी संपत आली असून रेसिडेंट फौज हलविण्यासाठी लिहिणार आहेत आणि पुण्याच्या गोऱ्या पलटणींना हैदराबादवर कूच करण्यास सज्ज राहण्याचे हुकूम सुटल्याचे आपल्या पुतण्याच्या पत्रावरून कळते, असा तिचा आशय होता. पाहा, ही सरकारी धमकी नव्हे. हिच्यावर सरकारी शिक्का नाही आणि उद्या कोणी जाब विचारला तर ती नाकारता येते. पण जिच्यासाठी लिहिली ते काम तिने केले. २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूख, मिळून सुमारे ५० लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश, कंपनीच्या कारभाराखाली गेला.

आता ह्या तहाचे स्वरूप कायद्याच्या भाषेत पाहू. मुलूख कंपनीच्या मालकीचा झाला नाही. उत्पन्नातून फौजेचा पगार व कर्जाचे व्याज भागवावे, दरसाल हिशेब द्यावा आणि उरेल ती रक्कम निजामाला द्यावी, असे ठरले. खेड्यातल्या माणसाला हा व्यवहार नवा नाही. ह्याला आपण ताबेगहाण म्हणतो. मालक गहाण ठेवणारा असतो, गहाण घेणारा जमीन कसतो आणि पिकातून आपले पैसे वळते करून घेतो. अशा गहाणाबद्दल इंग्रजांनीच १८८२ मध्ये ह्या देशासाठी मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा केला. त्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे पैसे भरून जमीन सोडवून घेण्याचा मालकाचा हक्क अबाधित आहे आणि ७६ व्या कलमाप्रमाणे ताबा घेतलेल्याने पै-पैचा चोख हिशेब ठेवला पाहिजे. एकदा गहाण ते सदैव गहाण, कागदावर काहीही लिहून घेतले तरी ती विक्री होत नाही, हे न्यायाचे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयांत त्यापूर्वी शतकानुशतके मान्य होते.

वऱ्हाडाच्या बाबतीत काय झाले? १८६० च्या तहाने रायचूर व धाराशिव परत मिळाले आणि ५० लाखांचे कर्ज रद्द झाले. ज्या कर्जासाठी मुलूख घेतला ते कर्जच रद्द झाले, तरी वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. उलट त्याचा हिशेब मागण्याचा निजामाचा अधिकार त्याच तहाने संपला. दिवाण सालारजंग ह्याने पुढे वर्षानुवर्षे प्रयत्न केला. फौजेच्या खर्चाची कायमची तरतूद म्हणून मोठी ठेव सरकारपाशी ठेवतो, आमचा मुलूख सोडा, असे त्याने सांगून पाहिले. म्हणजे ऋणको पैसे घेऊन दाराशी उभा होता आणि धनको ते घ्यावयास तयार नव्हता! शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन ह्याने निजाम महबूब अली खान ह्याच्याकडून वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. लगेच पुढच्या वर्षी, ज्या काँटिंजंट फौजेसाठी हे सारे झाले, ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात सामील होऊन नाहीशी झाली. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

सार्वभौम राजांच्या तहांना जमिनीचा कायदा लागत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. आमचे म्हणणे इतकेच की, दोन एकरांच्या कुळाला जो न्याय पुस्तकात लिहून ठेवला तो एका प्रांताला नाकारण्यात आला. कारण पैसा हवा नव्हता. वऱ्हाडची काळी कापसाची जमीन हवी होती. हिंदुस्थानातील उत्तम कापूस पिकविणारा मुलूख आपण मिळविला, हे डलहौसीने आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या टिपणात अभिमानाने नमूद केले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना ह्याच वऱ्हाडच्या कापसाचा आधार झाला.

ह्यावर वाचकांच्या मनात दोन आक्षेप येतील, आणि ते योग्य आहेत. पहिला असा की, निजाम कोठला गरीब कुळ? त्याचा दरबार उधळा होता, महसूल मक्त्याने दिलेला होता, रयत नागवली जात होती. त्याच्यासाठी आम्ही अश्रू का ढाळावेत? अश्रू ढाळू नका. आम्हीही ढाळीत नाही. आमचा प्रश्न निजामाचा नाहीच. तह रेसिडेंटने केला, मोहोर निजामाने उठविली. पण फौजेचा पगार, पामरचे व्याज आणि चंदुलालची उधळपट्टी ह्यांची वसुली अखेर शेतसाऱ्यातून झाली. सारा भरणाऱ्या कुणब्याला ह्या कागदाची खबर नव्हती आणि त्या कुणब्याच्याही पायरीखाली उभे राहून वेठबिगार करणाऱ्या आपल्या महार-मांग पूर्वजांना तर तो कागद आपल्याविषयी आहे हेसुद्धा माहीत नव्हते. जुलमी राजा आणि परका सावकार हे एकमेकांचे शत्रू नसतात. जुलमी राजाला प्रजेला विचारावे लागत नाही, म्हणूनच सावकाराला तो सोयीचा वाटतो.

दुसरा आक्षेप असा की, इंग्रजी अमलात वऱ्हाडात जमाबंदी झाली, रेल्वे आली, शाळा निघाल्या. अजिंठ्याच्या डोंगराअलीकडच्या औरंगाबादपेक्षा पलीकडचे बुलढाणे बरेच म्हणावयाचे. ह्यात तथ्य आहे. परंतु गहाण जमिनीत सावकाराने विहीर खणली म्हणून जमीन त्याची होत नाही आणि पिकाचा हिशेब द्यावयाचे बंधनही सुटत नाही. उपकार आणि हक्क ह्यांची गल्लत करणे आपल्याला परवडण्यासारखे नाही. आपल्या वाट्याला शतकानुशतके उपकारच आले आणि हक्क नाकारले गेले. म्हणून हा भेद आपण इतरांपेक्षा अधिक स्पष्ट जाणला पाहिजे.

जे हैदराबादेत घडले तेच जगात ठिकठिकाणी घडले आहे. हैती बेटावरील काळ्या गुलामांनी लढून आपली बेडी तोडली आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. १८२५ मध्ये फ्रान्सची लढाऊ गलबते त्यांच्या बंदरात उभी राहिली आणि गुलामांच्या मालकांचे नुकसान भरून द्या म्हणून १५ कोटी फ्रँकची मागणी झाली. म्हणजे गुलामाने आपल्याच देहाची किंमत आपल्या मालकाला द्यावयाची! पहिला हप्ता भरण्यासाठी फ्रान्सच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये मूळ मागणी ९ कोटींवर आली खरी, पण ह्या देण्यातून निघालेल्या कर्जांची शेवटची फेड १९४७ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी, झाली. मध्यंतरी १९१४ मध्ये अमेरिकेच्या नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतील सोने न्यूयॉर्कला नेले आणि १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकेची फौज त्या देशात ठाण मांडून बसली.

मिसर देशाचा खेदिव इस्माइल कर्जात बुडाला तेव्हा १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे त्याचे भाग इंग्लंडने विकत घेतले; १८७६ मध्ये त्याच्या महसुलावर परक्या सावकार राष्ट्रांचे मंडळ बसले; १८७९ मध्ये त्याला पदच्युत करविण्यात आले; आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज उतरली. सहा-सात वर्षांत सावकाराच्या कारकुनामागोमाग शिपाई आला.

जेथे कर्जाचे दावे घालता आले नाही तेथे चिठ्ठीचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. इराणच्या मुसद्दिक सरकारने १९५१ मध्ये आपल्या देशाचे तेल राष्ट्राच्या मालकीचे केले. इंग्लंडने त्या तेलावर बहिष्कार घालून इराणचा खजिना कोरडा पाडला. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका व इंग्लंड ह्यांच्या हेरखात्यांनी पैसा, भाडोत्री जमाव आणि फितूर सेनाधिकारी ह्यांच्या साहाय्याने ते सरकार उलथून टाकले. आपल्या हाताने हे झाल्याचे अमेरिकेच्या हेरखात्याच्या कागदपत्रांतून उघड व्हावयास २०१३ साल उजाडले. साठ वर्षे जी गोष्ट नाकारता येते तिचे नाव गुप्त कारवाई. हैदराबादच्या १८५३ च्या चिठ्ठीत आणि तेहरानच्या १९५३ च्या कटात बरोबर शंभर वर्षांचे अंतर आहे. रीत तीच आहे.

आणि सावकार पश्चिमेचाच असतो असेही नाही. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर एका चिनी कंपनीच्या हाती ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले. परदेशी देण्यांनी त्या देशाची गंगाजळी आटत चालली होती, आणि २०२२ मध्ये तर त्याला आपली परदेशी कर्जे फेडणेच थांबवावे लागले. धनकोच्या कातडीचा रंग अथवा त्याच्या झेंड्याची खूण पाहून कर्जाची परीक्षा करू नये. कागद पाहावा.

आपला देशही ह्यातून गेला आहे. १८५८ च्या कायद्याने कंपनी सरकार बरखास्त झाले तेव्हा कंपनीचे कर्ज हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आले. ज्यांनी आपणांस जिंकले त्यांच्या जिंकण्याचा खर्च आपल्याच नावे पडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचे आणि अर्थव्यवहाराचे हे स्वरूप डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाला सादर केलेल्या आपल्या प्रबंधाचा विषय केले होते. आपल्यातील एका तरुणाने परदेशी जाऊन प्रथम हीच वही उघडावी, हा काही योगायोग नव्हे. स्वातंत्र्यानंतरही, जून १९६६ मध्ये, परदेशी धनकोंच्या आग्रहामुळे रुपयाची किंमत उतरवावी लागली आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. १९९१ मध्ये देशाचे सुमारे ४७ टन सोने विलायत व जपान येथील मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवावे लागले. ते सोने सुटले. कारण ह्या वेळी हिशेब विचारणारी लोकसभा होती, वृत्तपत्रे होती, मतदार होते. निजामाच्या रयतेपाशी ह्यांतले काहीच नव्हते.

म्हणून आम्ही कर्ज घेऊच नये असे म्हणत नाही. धरण, रेल्वे, दवाखाना ह्यांसाठी राष्ट्राला कर्ज लागते, जसे शेतकऱ्याला बियाणास लागते. प्रश्न एवढाच की कागद कोण वाचतो, सही कोण करतो आणि फेड कोण करतो? जो फेडणार त्याने वाचलेला नसेल तर तो कागद उचलीच्या वहीसारखाच आहे. आपल्या संविधानाच्या २९२ व्या कलमाने केंद्र सरकारच्या कर्ज काढण्यावर संसदेला कायद्याने मर्यादा घालता येते. ऑगस्ट १९४९ मध्ये ह्या तरतुदीवर बोलताना बाबासाहेबांनी संसद हा अधिकार गांभीर्याने वापरील अशी अपेक्षा व्यक्त केली होती. आर्थिक जबाबदारीचा कायदा व्हावयास मात्र २००३ साल लागले. आणि आजही परराष्ट्राशी अथवा परदेशी बँकेशी केलेला प्रत्येक करार सहीपूर्वी संसदेने मंजूर केलाच पाहिजे, असे बंधन संविधानात नाही. आमची मागणी स्पष्ट आहे: परदेशी कर्जाचा प्रत्येक करार, त्याच्या अटींसह, लोकप्रतिनिधींच्या सभागृहापुढे आणि लोकांच्या भाषेत ठेवला जावा. एखाद्या कर्जापायी गावची जमीन, पाणी अथवा वीज ह्यांच्या दराची अट घातली जात असेल तर ती त्या गावाला आधी कळली पाहिजे.

राष्ट्राराष्ट्रांमध्ये ज्याला अजून कायदा नाही त्याला माणसामाणसांमध्ये कायदा आहे, हे विसरू नका. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणूस बांधून घेण्याचा करारच रद्द ठरविला; निजाम संस्थानातील भागेला ही पद्धत त्या कायद्यात नाव घेऊन मोडीत काढली आहे. असे कर्ज फेडण्याचे दायित्वच त्या कायद्याने संपते. पण कायदा स्वतः चालून फडावर येत नाही. आमच्याकडे येणारी माणसे बहुधा अंगठा देऊन झाल्यावर कागद घेऊन येतात आणि विचारतात, वकीलसाहेब, ह्यात काय लिहिले आहे? हा प्रश्न त्यांनी अंगठ्याच्या आदल्या दिवशी विचारला असता तर निम्मे दावे उभेच राहिले नसते.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत अनणसुख, म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख, वेगळे काढून सांगितले आहे. ते सुख केवळ पैसा असण्यातून येत नाही. आपल्या देण्या-घेण्याचा हिशेब आपल्या हाती असण्यातूनही ते येते. तेव्हा ह्या पंधरवड्यात प्रत्येक घराने एवढे करावे. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने एक वही घालावी आणि घराने कोणाकडून काय घेतले, काय फेडले, कोणत्या कागदावर कोणाची सही आहे, हे तारखेसह त्यात उतरावे. उचल घेणाऱ्यांनी मुकादमाच्या वहीची नक्कल मागावी. ती देत नसल्यास तसे चार जणांसमक्ष लिहून ठेवावे. आणि आमदार-खासदार मते मागण्यास येतील तेव्हा त्यांना विचारावे की, आमच्या नावाने तुम्ही कोठे सही केली आहे, ते आम्हांस वाचून दाखवा.

वऱ्हाडच्या रयतेला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला तो आहे. तो न वापरता आपण मागे ठेवला, तर पुढच्या पिढीच्या नावे निघणारी बाकी आपल्या हाताने लिहिलेली असेल.